मदत हवी आहे: रविवारी स्काउट-गाईडचा मैदानावरचा प्रदान समारंभ, ध्वजाचं अडलंय

निळा_स्कार्फ
22 फेब्रुवारीला, चिंतन दिनी, तृतीय सोपानची (स्काउट-गाईड प्रशिक्षणाची तिसरी पायरी) प्रमाणपत्रं आणि प्रवीणता पदकं (कौशल्याचे कापडी बिल्ले) द्यायची आहेत. शाळेच्या खांबावर राष्ट्रध्वज असतो. मुख्याध्यापक म्हणतात, त्याच खांबावर खाली आपला स्काउट-गाईडचा ध्वज लावा. चालतं का? रचना कशी करू? लवकर सांगा, आज सामान आणायचंय.

खुंटी_बहाद्दर
चालत नाही. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजासोबत त्याच काठीवर दुसरा कुठलाही ध्वज लावता येत नाही. वेगळी काठी हवी, तीही राष्ट्रध्वजापेक्षा कमी उंचीची.
मुलं किती? सकाळ की संध्याकाळ? पाहुणे किती? काहीच लिहिलेलं नाहीत.

शेकोटी_प्रेमी
संध्याकाळी घ्या आणि शेकोटीभोवती द्या पदकं. मजा काही औरच!

खुंटी_बहाद्दर
@शेकोटी_प्रेमी फेब्रुवारीत मैदानाचं गवत पार वाळलेलं असतं, वर पालकांच्या साड्या-ओढण्या. वाळूच्या बादल्या आणि तिथून न हलणारा एक मोठा माणूस असल्याशिवाय नको. शिवाय त्यांनी शेकोटी विचारलेलीच नाही.

निळा_स्कार्फ
24 स्काउट, 24 गाईड. पाहुणे दोन. पालक येतील तेवढे.

गाईडताई
48 मुलांची घोड्याची नाल अशी आखा. प्रत्येकाला 75 सेंटीमीटर, म्हणजे एकूण 36 मीटर रेषा. मध्ये खुंटी, तिला 6 मीटर दोरी बांधून अर्धवर्तुळ काढा, ते साधारण 19 मीटर भरतं. उरलेल्या 17 मीटरचे दोन सरळ हात, प्रत्येकी साडेआठ. फक्की आदल्या संध्याकाळी मारू नका, रात्रीचं दव आणि कुत्री मिळून सगळं पुसतात. ध्वज नालेच्या उघड्या तोंडाशी, पाहुणे त्याच्या बाजूला. पालक अर्धवर्तुळाच्या मागे.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगते. आपलं हस्तांदोलन डाव्या हाताने. पाहुणे उजवा पुढे करतात आणि पोर गोंधळतं. पाहुण्यांना आधीच सांगा आणि क्रम पक्का करा: पोर येऊन सलाम करतं, डाव्या हाताने हस्तांदोलन, मग प्रमाणपत्र डाव्याच हातात घेतं, एक पाऊल मागे, पुन्हा सलाम. प्रमाणपत्र उजव्या हातात गेलं की दुसरा सलाम अडतो. एका मुलाला 30 सेकंद धरा, 48 जणांची 24 मिनिटं. पदकं पिनेने लावत बसलात तर हाच वेळ दुप्पट होतो, आणि पिना अंगाला टोचतात. पाकिटात घालून द्या, बाहीवर नंतर शिवू देत.

तंबूवाले
काठीसाठी 20 फुटी बांबू, टोकाला कप्पी. ध्वजाची दोरी उंचीच्या दुप्पट अधिक मीटरभर, म्हणजे 13 मीटर. ताणदोऱ्या तीन, 4 मीटर उंचीवर क्लोव्ह हिचने (दोन वेढ्यांची खुंटगाठ) बांधा, खुंट्या बुंध्यापासून 3 मीटरवर. तिरकं अंतर 5 मीटर भरतं, गाठींना एक, म्हणजे प्रत्येकी 6 मीटर दोरी. दोन दोऱ्या पुरत नाहीत, वारा तिसऱ्या बाजूने आला की काठी आडवी. खुंट्या काठीपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोका, उभ्या नकोत.

वही_पूर्ण_करा
पुढच्या पायरीला, राज्य पुरस्काराला, जायचं असेल तर मुलांच्या नोंदवह्यांवर तारखेसह सह्या आत्ताच घ्या. शेवटच्या आठवड्यात मागे लागलात तर हमखास राहतं.

गाईडताई
@वही_पूर्ण_करा सर, इथे तृतीय सोपानचा समारंभ चाललाय. 😊

निळा_स्कार्फ
ध्वज उघडतच नाही हीच खरी भीती आहे. पाहुणे दोरी ओढतात आणि वर गाठोडं तसंच लटकत राहतं.

तंबूवाले
तीन कारणं असतात. दोनदोन वेढे घेतलेले असतात, सरफासाऐवजी (ओढताच सुटणारी गाठ) दोरीचं टोकच आत खोवलेलं असतं, किंवा फुलं ओली असतात. ध्वजाची लांबट घडी घाला, मोकळ्या कडेपासून दोरीच्या कडेकडे गुंडाळा. खालच्या दोरीचा एकच वेढा, त्यात तीच दोरी दुमडून सरफास. झेंडूच्या सुट्या पाकळ्या मूठभर, कोरड्या. पाणी शिंपडून ठेवलेल्या पाकळ्या कापडाला चिकटतात. गुंडाळी थेट कप्पीला टेकेपर्यंत चढवा आणि वर नेणारी दोरी ताणून धरा. मध्येच थांबलेला ध्वज झटका दिला की उघडायच्या ऐवजी खाली येतो. त्याच पाकळ्या घालून तालीम करा, नुसत्या कापडावरची तालीम फसवते.

खुंटी_बहाद्दर
नायलॉन नको, सरफास आपोआप सुटतो, चढतानाच ध्वज उघडेल. सुती दोरी घ्या.

तंबूवाले
सुती दोरी दवाने फुगते आणि कप्पीत अडकते. कप्पी मोठी असेल तर सुती, नाहीतर नायलॉन चालेल, सरफास थोडा घट्ट करा.

खुंटी_बहाद्दर
घट्ट केला की पुन्हा तेच गाठोडं! सुतीच, 8 मिलिमीटर, आणि कप्पी दोरी घेऊनच विकत घ्या.

निळा_स्कार्फ
बरं, सुती घेतो. समारंभ संध्याकाळी पाचला आहे. आणि मैदान म्हणजे आवार आहे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. खुंट्या जाणार नाहीत.

तंबूवाले
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत की हो!

गाईडताई
पाचला सूर्य पश्चिमेला खाली असतो. नालेचं तोंड पूर्वेला करा, म्हणजे रांगेतल्या मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. तीच अडचण पाहुण्यांना होते, त्यांना ऊन समोर येईल, खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवा. फक्कीऐवजी खडू, आणि मध्यबिंदूला खुंटीऐवजी एका मुलाला दोरी धरून उभं करा.

तंबूवाले
आवारात व्हॉलीबॉलचा लोखंडी खांब आहे का?

निळा_स्कार्फ
आहे. जाळ्याचे दोन्ही आहेत, एक नेमका पूर्वेच्या भिंतीजवळ.

तंबूवाले
मग ताणदोऱ्या विसरा. बांबू त्या खांबाला समांतर उभा करा आणि दोन ठिकाणी राऊंड लॅशिंग (दोन्हींभोवती दोरीचे घट्ट वेढे) घाला, एक जमिनीपासून फूटभर वर, दुसरं खांबाच्या टोकाशी. दोन्ही जवळजवळ घातलीत तर वरचा बांबू झुलतो. बुंधा सुटा नको, ब्लॉकवर टेकलेला हवा. खांब गुळगुळीत असतो, लॅशिंग खाली सरकतं, म्हणून आधी जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळा.

माईकवाला
कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, मागे ठेवला की कर्कश्श शिट्टी मारतो. आवाराच्या भिंती जवळ असल्या तर आवाज घुमतो, म्हणून स्पीकरचं तोंड भिंतीकडे नको, पालकांकडे. आणि प्रमाणपत्रं वाऱ्याने उडतात, यादीच्या क्रमाने प्लास्टिक फोल्डरमध्ये घाला, वर पाण्याची बाटली.

निळा_स्कार्फ
धन्यवाद. एक राहिलं, नवीन नऊ मुलांचा दीक्षाविधीही (वचन देऊन पथकात येण्याचा) त्याच वेळी घ्यायचाय.

गाईडताई
अहो! घेऊ नका एकत्र. दीक्षा पथकापुरती, शांतपणे. चारला घ्या, पालक यायच्या आधी.

शेकोटी_प्रेमी
किंवा शेकोटीभोवती.