पायरसीला 'चोरी' म्हणावं का?

मुठाकाठ
एक प्रश्नावली मराठीत करतेय, तिथे अडलेय. ओळखीतली एक मुलगी पुण्यात अभ्यास करतेय: माणसाची बऱ्यावाईटाची समज आणि सिनेमे, पुस्तकं, सॉफ्टवेअर फुकट मिळवण्याकडे बघायची त्याची नजर, यांचा संबंध कसा असतो. प्रश्न साधा आहे, पायरसी तुम्हाला कितपत गैर वाटते? मी आधी 'चाचेगिरी' लिहिलं. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सहा-सात मुलांकडून भरून घेतलं, तर दोघांनी विचारलं, "हे समुद्रावरचं का?" मग 'डिजिटल चोरी' केलं. सगळ्यांनी 'फार गैर'वर खूण केली. त्यांतल्याच एकाच्या फोनवर टेलिग्रामवरून घेतलेली परीक्षेची पुस्तकं उघडी होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती चोरी नव्हतीच. म्हणजे 'चोरी' लिहिलं की उत्तरही मीच लिहून देते. काय शब्द घालू?

नारायणपेठी
'प्रताधिकारभंग'. प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट, शासनव्यवहारातला रुळलेला शब्द आहे. जड वाटेल, पण सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' हेही एके काळी नवेच होते. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

शब्दवेडी
'भंग' आला की कायदा आला. कॉपीराइटच्या १९५७च्या कायद्यात कलम ६३खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तो धाक मनात घेऊन दिलेलं उत्तर नीतीबद्दलचं राहत नाही. आणि कोणी 'वाङ्मयचौर्य' सुचवण्याआधीच सांगते, ते वेगळं. तिथे दुसऱ्याच्या लेखनावर आपलं नाव घालतात. इथे लेखकाचं नाव जागच्या जागी असतं, जातात ते त्याचे पैसे.

अक्षरजुळारी
पस्तीस वर्षं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या धंद्यात काढली. आमच्यात शब्द एकच, 'डुप्लिकेट'. मी स्वतः काढलेल्या एका पुस्तकाची हजाराची आवृत्ती होती, सहाशे प्रती घरी पडून होत्या. एक दिवस अनोळखी मुलाचा फोन. "काका, तुमचं पुस्तक आमच्या ग्रुपवर सगळ्यांना फार आवडलं." कोणीतरी पान न् पान स्कॅन करून टाकलं होतं. तो मनापासून आभार मानत होता. मला रागावताही येईना. पण लेखकाला हिशेब मी द्यायचा होता. म्हणून मी चोरीच म्हणणार.

कोरी पाटी
काका, तुमचं दुःख कळतं. पण त्या मुलाच्या मनात काय आहे तेही आपल्याच भाषेत आहे. लहानपणी पाठ केलेलं आठवा, "न चोरहार्यं न च राजहार्यं". विद्या चोरता येत नाही आणि दिल्याने वाढते. भांडारकर संस्थेतल्या जुन्या पोथ्या बघा, बहुतेक कोणी ना कोणी नकललेल्या. शेवटी नकलणारा लिहून ठेवतो, "यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया". जसं पाहिलं तसं लिहिलं. पोथी उतरवून घेणं पुण्यकर्म होतं. आज डाउनलोडलाही आपण 'उतरवून घेणं'च म्हणतो. क्रियापद तेच राहिलं, मग मन एकदम कसं बदलेल?

अक्षरजुळारी
पोथी उतरवायला महिनोन् महिने मान मोडून बसावं लागे, आणि हाती येई एक प्रत. इथे एक बोट लावलं की हजार. शिवाय त्याच परंपरेत 'अस्तेय' हा योगातला एक यम, म्हणजे पाळायचं बंधन, आहे, तो का विसरता?

शब्दवेडी
अस्तेय म्हणजे जे आपलं नाही ते न घेणं. भांडण तिथेच आहे. सायकल नेली तर माझी जागा रिकामी होते. फाइल नेली तर माझी माझ्याकडेच राहते. म्हणून "कुणाचं काय गेलं?" असं सहज म्हणता येतं. साइक्स आणि माट्झा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच मांडलंय की, माणूस नीती सोडत नाही, त्या एका कृत्यापुरती बाजूला ठेवायला कारण शोधतो. कुणाचं नुकसान नाही, मोठ्या कंपन्याच लुटतात, मित्रासाठी केलं. अभ्यासिकेतल्या पोराकडे तिन्ही कारणं असतील, आणि पुस्तकाला पुरतील एवढे पैसे खरंच नसतील.

खलाशी
'चाचे' शब्द एवढ्या लवकर टाकू नका, मी मूळचा अलिबागचा. सरखेल कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या कागदात पायरेट आहेत. आपल्याकडे ते आरमाराचे प्रमुख. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारं जहाज ते धरत, आणि इंग्रजांना ते दस्तकच मान्य नव्हतं. परवाना देण्याचा हक्क कोणाचा, हे ठरेपर्यंत पायरेट कोण हे ठरत नाही. तुमच्या प्रश्नावलीतलं भांडण नेमकं हेच आहे.

नारायणपेठी
तुलना पटत नाही. कान्होजींच्या मागे छत्रपतींची सत्ता होती, टेलिग्रामच्या ग्रुपमागे कोण आहे? आणि शब्द 'चांचे' असा आहे, अनुस्वारासकट. जुन्या पुस्तकांत तसाच सापडेल.

खलाशी
१९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यात हाही गेला.

मुठाकाठ
शुक्रवारी छापायला द्यायचंय. सध्या नाम टाळून असं लिहितेय: 'लेखक-निर्मात्याला न विचारता, पैसे न देता उतरवून घेणं तुम्हाला कितपत गैर वाटतं?'

कोरी पाटी
'न विचारता' काढा. घरात लहान पोराला दटावताना आपण हेच म्हणतो, "न विचारता घेतलंस?" यातही चोरी आलीच.

अक्षरजुळारी
काढू नका. माझ्या लेखकाला खरंच कोणी विचारलं नव्हतं.

नारायणपेठी
खलाशी, तो अनुस्वार उच्चारला जात नव्हता हे कशावरून?

खलाशी
आमची आजी 'चाचे'च म्हणायची. नाकातून कधी ऐकलं नाही.