मदत हवी आहे: गाडीच्या छताचं कापड सुटलंय, बोर्ड न मोडता बाहेर कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. आमची जुनी हॅचबॅक रत्नागिरीत उघड्यावरच उभी असते. छताचं आतलं कापड मागच्या बाजूने सुटून लोंबतंय, मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागतं. बोट लावलं की कापडामागचा फोम पिवळ्या भुशासारखा गळतो. फोमच कुजलाय, त्यामुळे वरून गोंद मारून काही टिकणार नाही. कापड ज्यावर चिकटवलेलं असतं तो छताचा ताठ बोर्ड काढून, सगळा फोम खरवडून, फोमवालं नवीन कापड उष्णता सोसणाऱ्या स्प्रे गोंदाने बसवायचं ठरवलंय. साध्या रबर गोंदाचा मला भरवसा नाही, उन्हात तो पुन्हा सुटतो.

सन व्हायजर, हँडल, आतला दिवा, दाराचं रबर आणि खांबांची प्लास्टिक कव्हरं काढायची, एवढं माहीत आहे. गाडीला छताच्या कडेत लपवलेल्या बाजूच्या पडदा एअरबॅग नाहीत, त्यामुळे ती धास्ती नाही. दिव्याच्या वायरसाठी बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडेन.

खरी काळजी बोर्डाची. पावसाळ्यातल्या ओलीने तो कडेला मऊ झालाय, वाकवला तर मोडेल. पुढच्या सीट पूर्ण मागे पाडून डिकीतून निघतो का, की सीट उघडाव्याच लागतात? मऊ झालेल्या कडेला मागून फायबरची पट्टी लावून कुणी ताठ केलंय का? आणि पुन्हा बसवताना क्लिपा जुन्याच चालतात का?

कुशनवाल्याकडे द्यायची नाही, स्वतःच करायचंय. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.