ज्यांना सरकार हवंच आहे, त्यांचं काय करायचं?

खडूफळा: राज्यसंस्थेशिवाय समाज चालेल म्हटलं की प्रश्न ठरलेला: "पण बहुतेकांना सरकार हवं असतं, त्याचं काय?" हवं असू दे की! ज्याला हवं त्याने घ्यावं, शेजाऱ्याच्या गळ्यात बांधू नये. आइसलँडमध्ये इ.स. ९३० पासून तीनशेहून जास्त वर्षं ना राजा होता, ना फौज, ना पोलीस. ‘गोदी’ नावाचे सरदार असत (नावावरून विनोद नकोत). शेतकऱ्याने आपला गोदी निवडायचा, नाही पटला तर दुसरा धरायचा. बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी दोन गोदींचे असू शकत. दर उन्हाळ्यात थिंगवेलिरला आल्थिंग ही सभा भरे. तिथे कायदा सांगणारा माणूस कायदे तोंडपाठ म्हणे, दरसाल एक तृतीयांश. निवाडेही तिथेच होत.

नाना_कोथरूड: निवाडे होत, मान्य. पण बजावणी कोण करी? ज्याचा भाऊ मेला त्यानेच! पाठीशी माणसं नसतील तर निकाल ऐका आणि घरी जा. तेराव्या शतकापर्यंत बहुतेक गोदीपदं मोजक्या घराण्यांच्या खिशात गेली. मग गोदी बदलून जाणार कुठे? स्नोरी स्टुर्लुसन दोनदा कायदा सांगणारा झाला होता. १२४१ मध्ये त्याला त्याच्याच घराच्या तळघरात मारलं. शेवटी १२६२ पासून आइसलँडच्या लोकांनीच नॉर्वेच्या राजाला कर द्यायचं कबूल केलं. बदल्यात मागितलं काय, तर शांतता आणि मालाची जहाजं. तुमच्या ‘ज्याला हवं त्याने घ्यावं’चा शेवट असा झाला: सगळ्यांनीच घेतलं.

पांझराकाठ: सगळीकडे तलवारीच लागतात असं नाही. आमच्या धुळे भागात पांझरा नदीवर पाटाचं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत होती, शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, राखण जागल्याची, मोबदला धान्यात. आजोबा स्वतःच्या शेताच्या बांधावर उभे राहून पाटकऱ्याकडे नुसते बघत असायचे. पाणी वाया जाताना दिसलं तरी फावडं उचलत नसत. तो मान पाटकऱ्याचा. तहसीलदाराला विचारायला कुणी जात नव्हतं.

नाना_कोथरूड: मग फड मोडले कशाने?

पांझराकाठ: नदीवर वर धरणं झाली, विहिरी आल्या, उसाची हाव सुटली. सगळं सरकारच्या माथी मारणार नाही. बारमाही पाणी मागणारे चार जण निघाले की फड विस्कटतो.

खडूफळा: धरण बांधलं कुणी ते मात्र हळूच सांगितलंत!

रानवाट: गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण कुणीच कसं काढलं नाही? ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिथे मतदान घेत नाहीत, सर्वसहमती लागते. म्हणजे एकाला जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. (आमच्या सोसायटीत हे केलं तर लिफ्ट कधीच दुरुस्त होणार नाही.) २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क) मिळाला. तरी स्वतःच्या रानातला बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना वनखात्याचाच. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे गाठ सुटली.

खडूफळा: तेच तर म्हणतोय. परवाना आता गाव स्वतः फाडतं. खातं तेवढं मागे सरलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

नाना_कोथरूड: सरलं खरं. पण सरकवायला मंत्रीच यावा लागला ना?