मदत हवी आहे: फाउस्टमधला ढोल सुपरकोलायडरमध्ये वाजेना (तातडीचं)

ढोलवेडा: शनिवारी गंगापूर रोडला कार्यक्रम आहे आणि तीन रात्री यातच गेल्यात. फाउस्ट (आवाज बनवायची प्रोग्रामिंग भाषा) च्या फिजिकल मॉडेल्सच्या, म्हणजे गणिताने बनवलेल्या वाद्यांच्या, लायब्ररीत जेंबे (आफ्रिकन तालवाद्य) आहे, त्याचा सूर खाली ओढून, वर थोडा नॉइज घालून नाशिक ढोल बनवलाय. ब्राउझरमधल्या फाउस्ट आयडीईत बटण दाबलं की असा घुमतो की काल खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले. तो सुपरकोलायडर या दुसऱ्या संगीत-भाषेत प्लगइन म्हणून वापरता यावा यासाठी फाउस्ट-टू-सुपरकोलायडर ही कमांड चालवली, एरर नाही. फाइल्स एक्स्टेन्शन्स फोल्डरमध्ये टाकल्या. सिंथ वाजवायला गेलो की पोस्ट विंडोत "युजेन नॉट इन्स्टॉल्ड" (युजेन म्हणजे आवाज बनवणारा घटक, इथे माझा ढोल). फोल्डर बरोबर आहे, दहादा बघितलंय. "रीस्टार्ट करा" कृपया सांगू नका.

तारषड्ज: विंडोज, मॅक की लिनक्स? क्लासचं (भाषेतल्या ढोलाच्या व्याख्येचं) नाव तरी सापडतंय का, की तिथेच अडतंय?

पंचवटीकर: मॅकवर हे हमखास होतं. बाहेरून आलेल्या प्लगइनला सिस्टीम क्वारंटाइनमध्ये टाकते. टर्मिनलमधून ते काढून टाका, दोन मिनिटांचं काम.

ढोलवेडा: उबुंटू आहे. क्लास सापडतोय, सांगितलं ना एरर नंतर येते.

पंचवटीकर: नव्हतं सांगितलं.

सीसाउंडवाला: सीसाउंडमध्ये या भानगडी नाहीत. फाउस्टचे ऑपकोड (तयार आज्ञा) आहेत, स्कोर चालू असतानाच आतल्या आत कंपाइल होतं. बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये एमआयटीत बनवलेली भाषा, अजून खणखणीत.

तारषड्ज: त्यांचा अख्खा कार्यक्रम सुपरकोलायडरमध्ये बसवलाय हो, चार दिवसांत भाषा बदलायची का? ढोलवेडा, क्लास सापडतोय म्हणजे भाषेच्या बाजूला सगळं ठीक आहे. "नॉट इन्स्टॉल्ड" हे सर्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, म्हणतोय. दोन्ही वेगळे प्रोग्राम आहेत, ओएससी संदेशांवरून बोलतात. सर्व्हर कुठला लावलाय? साधा एससीसिंथ ना?

टिपरू: मुळात कम्प्युटरवर ढोल कशाला? पथकातली पोरं बोलवा, चार माइक लावा. पान तापलं की आवाज बदलतो, दोरी ओढली की बदलतो. ते फिल्टरमधून येणार आहे का?

ढोलवेडा: मी स्वतः सहा वर्षं पथकात वाजवलंय. मला वाजता वाजता पान सैल पडत जाणारा ढोल हवाय, खऱ्या ढोलाला तसं करता येत नाही.
@तारषड्ज, सुपरनोव्हा, अनेक कोअर वापरू शकणारा सर्व्हर. चोवीस ढोल आहेत, एका कोअरवर लॅपटॉप घरघरतो. त्याने काय फरक पडतो?

तारषड्ज: अहो, हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं! सुपरनोव्हाला साधं प्लगइन चालत नाही, त्याच्यासाठी वेगळं बांधावं लागतं. त्याच कमांडला सुपरनोव्हाचा पर्याय द्या. नावाच्या शेवटी 'अंडरस्कोर सुपरनोव्हा' लागलेली फाइल मिळेल, ती टाका आणि सर्व्हर पुन्हा बूट करा. (हो, रीस्टार्टच.)

गोदाकाठ: सुपरनोव्हा लावलं म्हणजे आपोआप सगळे कोअर वापरले जात नाहीत बरं का. सिंथ पॅरग्रुपमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्यांच्या गटात) टाकावे लागतात.

ढोलवेडा: वाजला! पॅरग्रुप आधीच केलंय. पण आता नवीनच. पहिली थाप पडते, मग शुकशुकाट. मग कधीतरी मध्येच एक. बटणाच्या जागी इम्पल्स एआर (सॅम्पलच्या वेगाने चालणारा ठोका) दिलाय, सेकंदाला दोन.

टिपरू: आमच्या पथकात अशा वादकाला झेंडा धरायला लावतात.

गोदाकाठ: सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४१०० आहे का?

ढोलवेडा: हो. का?

गोदाकाठ: फाउस्टमधलं बटण इकडे कंट्रोल होतं, आणि कंट्रोल ब्लॉकला एकदाच वाचला जातो, पहिल्या सॅम्पलला. ब्लॉक ६४ सॅम्पलचा. तुमचा इम्पल्स एकाच सॅम्पलपुरता जिवंत. तो ब्लॉकच्या मधोमध आला तर ढोलाला पत्ताच नाही. अर्ध्या सेकंदाचे २२०५० सॅम्पल, ६४ ने भागा, ३४ उरतात. म्हणून दुसरी थाप हुकते, तिसरी हुकते, हिशोबाने थेट तेहतिसावी पुन्हा जागेवर येते. ४८००० ला हीच चूक दिसलीच नसती, कारण २४००० ला ६४ ने पूर्ण भाग जातो. एआरचं केआर (ब्लॉकला एकदा चालणारं) करा.

तारषड्ज: हे भारी पकडलंत.

सीसाउंडवाला: सीसाउंडमध्ये के-रेट, ए-रेट पहिल्यापासून नावातच दिसतो. नुसतं सांगतोय.

ढोलवेडा: केआर केलं, सगळ्या थापा पडतायत!! फक्त डाव्या कानातच येतंय.

पंचवटीकर: हेडफोनची पिन नीट बसलीये का बघा.

तारषड्ज: पिन नाही हो, ढोल मोनो आहे. आउटमध्ये त्याच्यापुढे उद्गारचिन्ह आणि २ लिहा.

टिपरू: हॉल कुठला आणि किती वाजता, ते टाका. बघू तरी पान कसं सैल पडतं.