आईचा काचबिंदू: थेंबांवरच राहावं की ऑपरेशन? (सोलापूर)

अशोक_चौक
नमस्कार मंडळी. आईचं वय ६३. जन्मभर विड्या वळल्या, आता घरीच असते. मोतीबिंदू असेल म्हणून दाखवायला नेलं, तर दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नस बरीच गेलीय म्हणतात, डावा त्या मानाने बरा. रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल चालू आहे. तरी मागच्या तपासणीत उजव्या डोळ्यातलं प्रेशर (दाब) २६ आलं, डाव्याचं १९. फील्डचा, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीचा, रिपोर्टही आधीपेक्षा खराब. डॉक्टर म्हणतात उजव्याचं ट्रॅबेक्युलेक्टमी ऑपरेशन करून घ्या.

आई तयार नाही. म्हणते, "इतके दिवस थेंब घालून काही फरक पडला नाही, आता चिरून काय पडणार?" समोरचं तिला अजून स्वच्छ दिसतं, सुईत दोरा ओवते. पण जिन्याची पायरी चुकते आणि उजवीकडून रिक्षा आली की दचकते.

ऑपरेशन आत्ताच करावं का? सोलापुरात की पुण्याला? आणि उन्हाळ्यात थेंब कसे ठेवता? आमचं पत्र्याचं घर आहे. शिवाय हल्ली तिला रात्री धाप लागते, म्हणून ऑपरेशन म्हटलं की मलाच भीती वाटते.

औषधवाला
दादा, बाकी सगळं नंतर, आधी ती धाप. टिमोलॉल नुसता डोळ्यात राहत नाही. नाकात उतरतो, रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळतो. दम्याच्या किंवा मंद ठोक्यांच्या पेशंटला तो देत नाहीत. तंबाखूच्या धुळीत जन्म गेलेल्या बाईची छाती आधीच नाजूक असू शकते, आणि डोळ्यांच्या ओपीडीत छातीचं कुणी विचारलंच असेल असं नाही. आजच डॉक्टरांना फोन करा, संध्याकाळचा थेंब घालायचा का तेही विचारा. धाप वाढली तर थेट कॅज्युअल्टीला न्या.

बदली थेंब आहेत: ब्रिंझोलामाइड, डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडीन. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर पहिल्या दोघांच्या आधी सांगा. एका बाटलीत दोन औषधं असतात त्यातही टिमोलॉल बऱ्याचदा असतो, तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्या.

जुळे_सोलापूरकर
माझ्या वडिलांचं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईंचं "फरक पडला नाही" हे म्हणणं आमच्याकडेही रोज व्हायचं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनीही नाही आणि ऑपरेशननेही नाही. उरलेली राखायची, एवढंच दोन्हींचं काम. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून सुईत दोरा जातो आणि माणसाला वाटतं आपल्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी बाबांना दारासमोर बसवलं, चांगला डोळा हाताने झाकायला लावला आणि समोर बघत राहा म्हणाले. चौकटीची एक बाजू, तिथलं कॅलेंडर, शेजारी उभी आई, काहीच दिसेना. त्यानंतर त्यांना समजवावं लागलं नाही. आईंनाही असं करून दाखवा.

दोन औषधांवर २६ आणि वर फील्ड खराब होत असेल, तर माझ्या मते थांबू नये. मात्र टिमोलॉल बंद झाला की प्रेशर आणखी वाढू शकतं, तेव्हा आधी थेंब बदलून बघायचे की सरळ ऑपरेशन, हा निर्णय डॉक्टरांचा. लेसरचा, म्हणजे एसएलटीचा, उपयोग होईल का तेही विचारा. नस फार गेली असेल तर तेवढ्याने भागत नाही.

ट्रॅबेक्युलेक्टमीत वरच्या पापणीखाली पांढऱ्या भागात डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट करतात. मोरी तुंबली की दुसरा पाइप काढतो, तसंच. शरीर ती वाट बुजवायला बघतं, म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे ती बुजू न देणारं औषध लावतात. खरं काम पुढच्या काही आठवड्यांत असतं: वारंवार प्रेशर बघणं, गरज पडली तर टाका सैल करणं. कधी प्रेशर नको इतकं खाली जातं. म्हणून पुणं की सोलापूर यापेक्षा नंतरच्या तपासण्या तोच डॉक्टर करणार का, हा प्रश्न मोठा. दुसरं मत घ्यायला हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, हडपसरचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय त्यासाठी बरं. ऑपरेशन तिकडे करायचं तर सुरुवातीला तिथेच राहायची सोय बघा. आपल्या सिव्हिललाही नेत्रविभाग आहे. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

नंतर डोळा चोळायचा नाही, घागरी उचलायच्या नाहीत, सांगतील तोवर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोळा लाल झाला, दुखला, चिकटायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हे वर्षांनंतरही. आणि दुसऱ्या डोळ्याचे थेंब चालूच ठेवा, ऑपरेशनच्या धांदलीत तेच राहून जातात.

कंबर_तलाव
थेंबांबद्दल. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालते, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखाली २५ कुठून आणणार? फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज न लागणारं लॅटानोप्रोस्टही मिळतं, डॉक्टरांना तेच लिहून द्यायला सांगा. बाटली फोडल्याची तारीख पेनाने लिहा, खोक्यावर दिलेली मुदत संपली की उरलेलं टाकून द्या.

घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध कमी उतरतं. दोन थेंबांत पाच-दहा मिनिटांचं अंतर. फ्रिजमधला गार थेंब डोळ्यात पडला की गालावर, हे म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं.

अशोक_चौक
सगळ्यांचे आभार. धाप थेंब सुरू झाल्यावरचीच आहे, आईला विचारल्यावर कळलं. डॉक्टरांनी टिमोलॉल लगेच बंद केला, ब्रिंझोलामाइड दिलंय, छातीच्या डॉक्टरांकडेही चिठ्ठी दिली. आईला डोळा झाकून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली पुण्याला जाऊन विचारून येऊ. मी ४१ चा आहे, मलाही तपासावं लागेल का?

जुळे_सोलापूरकर
हो दादा, भावंडांनीही. आई किंवा वडिलांना असेल तर धोका वाढतो. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका. प्रेशर, बाहुली मोठी करून नसेची तपासणी आणि गोनिओस्कोपी (डोळ्यातलं पाणी बाहेर जातं तो कोपरा बघणं), एवढं करूनच या. आणि आईंचे जुने फील्डचे सगळे रिपोर्ट पुण्याला सोबत न्या, एका कागदावरून नजर किती वेगाने जातेय ते तिथे कुणालाच कळत नाही.