जुन्या लिनक्स डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड घेताना ड्रायव्हर आधी बघा, ताकद नंतर

कर्नलवेडा (धागाकर्ता)

दहा-बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे, कुठलं कार्ड घालू, असं कोणी विचारलं की उत्तरं येतात ती मेमरी किती आणि फ्रेम किती यांची. ते कार्ड आणखी पाच वर्षांनी त्याच मशीनवर चालेल का, हे कोणी बघत नाही. माझं मत ठाम आहे: ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे आणि उघड आहे, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता येतो, तेच कार्ड घ्यावं. आजच्या घडीला जुन्या मशीनसाठी याचा अर्थ एएमडी.

एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. कर्नल बदलला की डीकेएमएस ही यंत्रणा त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) नव्याने बांधते. कंपनी लक्ष देते तोवर सगळं सुरळीत असतं. तिने हात काढून घेतला की कर्नल पुढे जातो आणि एका अपडेटनंतर मॉड्यूल बांधलंच जात नाही. हे टप्प्याटप्प्याने घडत आलंय. जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकांचा ३४० ड्रायव्हर २०१९ अखेर थांबला. ४०० आणि ५०० मालिकांचा ३९० ड्रायव्हर २०२२ अखेर. केप्लर पिढीच्या (६००, ७०० मालिकांतल्या बऱ्याच) कार्डांचा ४७० ड्रायव्हर २०२४ मध्ये. आता मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्या, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआयपासून १०८०पर्यंतची सगळी गाजलेली कार्डं, ड्रायव्हरच्या ५८० मालिकेपाशी थांबली आहेत.

मग उरतो नूवो, म्हणजे एनव्हिडियासाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेला उघड ड्रायव्हर. ती मंडळी कमाल काम करतात, पण ९०० आणि १००० मालिकांना कंपनीने सही केलेलं फर्मवेअर लागतं, त्यामुळे नूवोला कार्डाचा वेग वाढवता येत नाही. कार्ड सुरू होताना ज्या मंद गतीला असतं तिथेच अडकतं.

याउलट एएमडीच्या एचडी ७००० मालिकेतली जीसीएन रचनेची चिप असलेली कार्डं घ्या. ती २०१२च्या सुमारासची. इतकी वर्षं ती जुन्या रेडिऑन ड्रायव्हरवर होती, आणि कर्नल ६.१९पासून आपोआप एएमडीजीपीयू या नव्या ड्रायव्हरवर आली आहेत, म्हणजे व्हल्कन (नव्या खेळांना लागणारी ग्राफिक्स प्रणाली) सुद्धा वेगळी खटपट न करता मिळतं. इतक्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर सुधारतोय, कारण तो उघड आहे आणि कोणालाही त्यात हात घालता येतो. माझी शिफारस आरएक्स ५५० किंवा ५६०.

रेंडरवाली

पूर्ण असहमत. कार्ड कशासाठी हवंय हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत.

मी थ्रीडीसाठी ब्लेंडर वापरते. ब्लेंडर ३.०मध्ये ओपनसीएल (कार्डावर रेंडर करण्याचा जुना मार्ग) काढून टाकलं, आणि त्यानंतर एएमडीसाठी आलेल्या एचआयपीच्या यादीत पोलारिस (आरएक्स ५५०-५८०ची चिप) नाही. म्हणजे तुमचं आरएक्स ५५० किंवा ५८०सुद्धा सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात) रेंडर करत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. तेही जुन्या प्रोसेसरवर! पास्कल पिढीचं जीटीएक्स १०५० टीआय क्युडावर (कार्डाकडून आकडेमोड करून घेण्याची एनव्हिडियाची प्रणाली) आजही रेंडर करतं. व्हिडिओ रेकॉर्ड करताना त्याचा एन्कोडरही (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) कामी येतो.

आणि कर्नल सतत बदलायचा आग्रह कोणाचा? दीर्घ मुदतीची स्थिर डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) घ्या, तिच्यासोबत आलेला कर्नल ठेवा, ५८० ड्रायव्हर टाका, एक्स११वर (पडद्यावर चित्र दाखवणारी जुनी प्रणाली) काम करा. सुरक्षा अपडेट डिस्ट्रोकडून येतात आणि कर्नलची मूळ आवृत्ती तीच राहते. कामाचं मशीन असंच चालवतात. ज्याला दर आठवड्याला नवा कर्नल हवा, त्याची अडचण सगळ्यांवर लादू नका.

स्क्रूड्रायव्हर

तुम्ही दोघे कंपनीवरून भांडताय आणि कार्ड त्या डब्यात बसेल का हे कोणीच बघत नाहीये. जुनी मशीनं ड्रायव्हरआधी तीन ठिकाणी अडतात.

पहिलं, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा ६ पिनांची जादा वायरच नसते, आणि एसएमपीएसचा आकार किंवा कनेक्टर वेगळा असल्याने तो सहज बदलताही येत नाही. त्यामुळे जादा वायर लागणारी कार्डं यादीतून आधीच काढा. आरएक्स ५५० सुमारे ५० वॅटचं, जीटी १०३० ३० वॅटचं, ही चालतात. आरएक्स ५६०चे आणि जीटीएक्स १६५०चे दोन्ही प्रकार मिळतात, वायर लागणारे आणि न लागणारे. फोटोत कनेक्टर दिसतो का ते पाहूनच घ्या.

दुसरं, स्लॉट. नवी कार्डं जुन्या स्लॉटमध्ये चालतात हे खरं, पण आरएक्स ६४००ला फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) आहेत. पीसीआय २.०च्या बोर्डावर त्याला सेकंदाला जेमतेम २ जीबी मिळतात, तर १६ लेनच्या कार्डाला ८. मेमरी भरली की फरक लगेच जाणवतो. शिवाय त्यात एन्कोडर नाही आणि एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा डिकोडही नाही. नवं आहे म्हणून ते उचलणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित, बायोस. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) नसलेल्या बोर्डावर नवं कार्ड लावलं की कधीकधी पडदा काळाच राहतो, कारण कार्डाच्या फर्मवेअरमध्ये जुन्या पद्धतीचा भागच नसतो. तिथे लिनक्स सुरू होण्यापर्यंत गोष्ट जातच नाही, मग ड्रायव्हर कुठला हे विचारून काय उपयोग? इंटेलच्या आर्क कार्डांचं नावही काढू नका. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसण्याची सोय) लागतो, तो नसेल तर कामगिरी फारच घसरते.

आणि हो, कॅबिनेट अरुंद असेल तर लो प्रोफाइल पट्टी सोबत आहे का ते विचारा.

साधंसरळ

कार्डच कशाला? २०१२-१३च्या इंटेल प्रोसेसरमधलं ऑनबोर्ड ग्राफिक्स मेसामध्ये (लिनक्सच्या उघड ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) अजून सांभाळलं जातं. ब्राउझर, ऑफिस, सिनेमे यासाठी पुरेसं आहे. व्हिडिओ अडखळत असेल तर तो बहुधा व्हीपी९ फॉरमॅटचा असतो. ब्राउझरला जुन्या मशीनला झेपणारा एच२६४ फॉरमॅट मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाका, १०८०पी मजेत चालतं. तेच पैसे एसएसडीत घाला.

कर्नलवेडा (धागाकर्ता)

साधंसरळ, ज्यांना खेळ आणि थ्रीडी नको, त्यांच्यासाठी तुमचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यात एक भर: व्हिडिओसाठी म्हणून पोलारिस घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यात एचईव्हीसी फॉरमॅटचा डिकोडर आहे, पण व्हीपी९चा नाही. ज्याला फक्त व्हीपी९ हवं, त्याला जीटी १०३०सुद्धा जास्त उपयोगी पडेल. हे सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

स्क्रूड्रायव्हर, तुमची यादी कार्ड निवडण्याआधी वाचायची आहे, माझं म्हणणं त्यानंतर लागू होतं. दोन्हींत विरोध दिसत नाही.

रेंडरवाली, क्युडाचा मुद्दा मान्य, तिथे पर्याय नाही. पण तुमच्या उपायालाही मुदत आहे. क्युडा १३ने मॅक्सवेल आणि पास्कल वगळले. सतत अपडेट होणाऱ्या आर्च डिस्ट्रोने २०२५च्या डिसेंबरमध्ये ५९० ड्रायव्हर आणला तेव्हा पास्कलवाल्यांना मुख्य पॅकेज सोडून जुन्या मालिकेकडे वळावं लागलं. डेस्कटॉपही एक्स११ सोडताहेत, ग्नोम या डेस्कटॉपच्या ४९व्या आवृत्तीत ते सत्र मुळातच बंद ठेवलंय. स्थिर डिस्ट्रोवर हे धक्के उशिरा पोचतात, पण पोचतात. जुन्या मशीनला लिनक्स लावतो तोच मुळी ते वापरातून बाद होऊ नये म्हणून. मग बाद होण्याची तारीख ठरवण्याचा हक्क कार्डाच्या कंपनीला पुन्हा का द्यायचा?

रेंडरवाली

कारण तोवर माझं काम होतं. काम न करणाऱ्या कार्डाला दीर्घायुष्य मिळून मला काय फायदा? पास्कलसाठी वेलँडही (एक्स११ची जागा घेणारी प्रणाली) तुम्ही रंगवताय तितकं वाईट नाही. त्याला नीट चालायला लागणाऱ्या दोन सोयींपैकी जीबीएम ४९५ ड्रायव्हरपासून आणि एक्स्प्लिसिट सिंक ५५५पासून आहे, म्हणजे ५८०वर दोन्ही मिळतात. केप्लरबद्दल बोलत असाल तर ठीक, ४७०मध्ये जीबीएम नाही, ते कार्ड मीही कोणाला सुचवणार नाही. शक्य असेल तर १०५० टीआयऐवजी जीटीएक्स १६५० घ्या. ते पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीचं आहे, नवे ड्रायव्हर त्याला अजून चालतात आणि कंपनीने २०२२ मध्ये उघड केलेली कर्नल मॉड्यूलंही ट्युरिंगपासूनच आहेत. उद्या बंद ड्रायव्हर थांबला, तरी नूवो त्याचा वेग वाढवू शकतो.

नवाप्रवासी

मला एक जण जीटी ७३० देतोय, जवळजवळ फुकट. घेऊ का? त्याच्याकडेही लिनक्सच आहे.

स्क्रूड्रायव्हर

त्या एकाच नावाखाली फर्मी (४००-५०० मालिकांची पिढी) आणि केप्लर अशा दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या आहेत. त्याच्या मशीनवर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (जोडलेली उपकरणं दाखवणारी आज्ञा) चालवायला सांगा. जीएफ१०८ (फर्मी) दिसलं तर नको म्हणा. जीके२०८ (केप्लर) असेल तर बंद ड्रायव्हर विसरा आणि नूवोवर फक्त दुसरा मॉनिटर जोडण्यापुरतं घ्या.