मदत हवी आहे: डॉसमधलं जुनं बिलिंग विंडोज ११ वर, छपाई अडली आहे

दुकानात फॉक्सप्रो २.६ (डॉसवरचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) मध्ये लिहून घेतलेला बिलिंगचा प्रोग्राम आहे. जुना पीसी बसला, म्हणून नवा घेतला: विंडोज ११, म्हणजे ६४ बिट. त्यात असे जुने १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत, त्यामुळे 'कंपॅटिबिलिटी मोड वापरून बघा' हे कृपया सांगू नका, सगळं करून झालंय.

डॉसबॉक्स ०.७४-३ (विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) मध्ये प्रोग्राम झकास उघडतो, जुनी खाती दिसतात, पण त्यात प्रिंटरची सोयच नाही. मग त्याचीच वाढीव आवृत्ती, डॉसबॉक्स-एक्स घेतलं. त्याच्या सेटिंगमधला पॅरलल पोर्ट (प्रिंटरची जुनी जोडणी) 'फाइल'वर ठेवला की बिल फाइलमध्ये नीट उतरतं. सुरुवातीला एक विचित्र चिन्ह येतं, तो प्रिंटरला बारीक अक्षरं छापायला सांगणारा कोड १५ आहे. हीच फाइल नोटपॅडमधून छापली तर तो कोड वाया जातो आणि १३२ कॉलमचं बिल कागदाबाहेर पळतं. 'प्रिंटर' पर्याय ठेवला तर पान चित्र म्हणून छापलं जातं. एका बिलाला इतका वेळ, की गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं.

प्रिंटर २४ पिनांचा डॉट मॅट्रिक्स, यूएसबीवर. मशीनला खराखुरा पॅरलल पोर्ट नाही. सोर्स कोड नाही, फक्त ईएक्सई. डीबीएफ (डेटाच्या) फाइलींचा बॅकअप घेतलाय. नवं सॉफ्टवेअर घ्या म्हणाल, तर वर्ष संपेपर्यंत ते शक्य नाही.

डॉसबॉक्स-एक्समधून मजकूर कोडसकट, जसाच्या तसा यूएसबी प्रिंटरकडे पाठवता येतो का? की यासाठी व्हीडॉस (डॉसबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) बरं? कोणी प्रत्यक्ष चालवलं असेल, तर कॉन्फिग फाइलमधली नेमकी ओळ टाकाल का?